कॅमशिवाय चालणारं सपाट निटिंग मशीन बनवलं आहे. बाजारात आणायला गुंतवणूक कशी मिळवावी?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: १४ गेजचं (इंचाला १४ सुया), ५२ इंची व्ही-बेड मशीन (सुयांचे दोन उतरते बेड), कॅरेजमधले, म्हणजे सुयांवरून सरकणाऱ्या भागातले, सुया वर-खाली करणारे कॅम काढून प्रत्येक सुईला स्वतंत्र विद्युतचुंबक, इचलकरंजीतल्या तुमच्या शेडमध्ये नमुना मशीन व्यवस्थित चालतंय आणि आता दोन कोटी उभे करायचे आहेत.

एकदम दोन कोटी मागू नका. आधी फक्त पुढच्या टप्प्यापुरते मागा. तो टप्पा म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या कारागिराच्या हाताखाली, रोज २० तास चालणारी दोन मशीनं. तुमच्या शेडमध्ये मशीन चाललं याचा गुंतवणूकदाराला फारसा उपयोग नाही, कारण तिथे बिघडलं की तुम्ही स्वतः दुरुस्त करता.

यंत्रसामग्री समजणारा माणूस पहिल्यांदा काय मोजेल ते सांगतो. १४ गेज गुणिले ५२ इंच म्हणजे एका बेडवर ७२८ सुया, दोन्ही मिळून १,४५६. मिनिटाला ३० कोर्स (टाक्यांच्या आडव्या ओळी) आणि दिवसाला २० तास धरले, तर दोन्ही बेड चालू असताना प्रत्येक सुई रोज ३६,००० वेळा वर-खाली होते. चुंबकाचं सरासरी आयुष्य पाच कोटी हालचाली धरा. एकट्या चुंबकाच्या हिशेबाने ती पावणेचार वर्षं झाली, कुणालाही पुरेशी वाटतील. पण तसे १,४५६ आहेत. जुने-नवे चुंबक मिसळले की सरासरीने रोज एक जाणार. कॅमवाल्या मशीनमध्ये कॅम झिजतो, तोही हळूहळू, आणि जॉबरला (कारखान्यातल्या मशीन-मिस्त्रीला) तो बदलता येतो. त्यामुळे 'एक चुंबक गेला तर मशीन किती वेळ उभं राहतं?' या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. माझ्या मते चुंबक सुटे न बसवता दोन इंचांचा, म्हणजे २८ सुयांचा एक संच करा. असे एकूण ५२ संच होतात. एक संच पाच मिनिटांत, बेडवरचं कापड न पाडता बदलता आला, तर हाच कच्चा दुवा तुमची जमेची बाजू होईल.

दुसरी गोष्ट उष्णता. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. वेटोळं ५० अंशांनी तापलं की रोध साधारण २० टक्के वाढतो, ठरावीक व्होल्टेजवर प्रवाह १६ टक्के घटतो आणि चुंबकाची ओढ त्याच्या वर्गाने, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत कमी होते. मग सुई पुरती वर जात नाही. जुना लूप लॅचच्या (सुईच्या हुकाला लागलेल्या झडपेच्या) मागे उतरत नाही, हुकातच राहतो, त्यात नवं सूत येतं आणि साध्या टाक्याच्या जागी टक (दोन सुतं एकत्र अडकलेला टाका) पडतो. सकाळी कापड स्वच्छ, दुपारी तीनला उभ्या रेघेत टकच टक, असं दिसलं तर सॉफ्टवेअर तपासत बसू नका, आधी वेटोळ्याचं तापमान मोजा. ड्रायव्हर ठरावीक व्होल्टेजचा न ठेवता ठरावीक प्रवाहाचा ठेवा. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ही चाचणी झालीच पाहिजे. कॉटनचा रुवा चुंबकाच्या फटीत बसतो, म्हणून एक मशीन अॅक्रेलिकवर चालवा आणि दुसरं कॉटनवर.

चाचणीची वही तुमच्या माणसाने लिहू नये, कारखान्याच्या माणसाने लिहावी. किती तास चाललं, किती वेळा थांबलं, का थांबलं: सूत तुटलं, सुई मोडली, चुंबक गेला, प्रोग्रॅम अडकला की वीज गेली. सूत तुटल्याचा थांबा मशीनच्या खात्यात धरू नका, पण लपवूही नका. कापडाचे कोर्स उसवून सुताची लांबी मोजा. दिवसभरात ती दोन टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन) आणि बर्स्टिंग स्ट्रेंग्थचा (कापड किती दाबाला फाटतं याचा) अहवाल बाहेरून घ्या. मुंबईत बीट्रा आणि सस्मिरा या वस्त्रोद्योगाच्या संशोधन संस्था आहेत, तुमच्या गावात डीकेटीई हे टेक्स्टाइल कॉलेज आहे. गिऱ्हाईक मात्र इचलकरंजीत शोधू नका, ते गाव यंत्रमागाचं. स्वेटरसाठी लुधियाना आणि कॉलरसाठी तिरुपूर, एकेक मशीन तिकडे लावा.

पेटंटबद्दल थोडक्यात. प्रत्येक सुई स्वतंत्र चालवण्याची कल्पना नवी नाही, त्यामुळे एवढ्यावर दावा टिकणार नाही. तुमची रचना, संचाची जोडणी, सुई जागेवर पोचली हे ओळखण्याची पद्धत यांवर दावे बांधा. प्रदर्शनात मांडण्याआधी आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरवण्याआधी तात्पुरता अर्ज भरा. व्यक्ती किंवा स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे. तिथून १२ महिन्यांत पूर्ण तपशिलाचा अर्ज भरावाच लागतो, परदेशी अर्जाची मुदतही तीच. आणि पेटंट तुमच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर ते कंपनीच्या नावे लेखी हस्तांतरित करून पेटंट कार्यालयात नोंदवा. बोलणी शेवटच्या टप्प्यात आल्यावर नेमकी हीच गोष्ट निघते आणि महिनाभर खाते.

आता पैसा. नमुन्याच्या सुधारणेसाठी निधी-प्रयास या केंद्राच्या योजनेतून १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यात कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही. स्टार्टअप इंडिया सीड फंडात प्रोटोटाइपला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात आणायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) अशी रचना आहे. मात्र अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणून नोंदणीची तारीख आधी पाहा आणि इन्क्युबेटरकडे (हा निधी वाटणाऱ्या संस्थेकडे) सध्या अर्ज घेतात का ते विचारा. बँकेसाठी सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची) हमी १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत आहे. ही हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. हप्ते तुम्हालाच फेडायचे आहेत, म्हणून ऑर्डर हातात नसताना कर्ज घेऊ नका. आणि आराखड्यात गिऱ्हाइकाला मिळणारी अ-टफ्सची (कापड उद्योगाला नवी मशीनं घ्यायला केंद्राने दिलेली) सबसिडी दाखवू नका, ती योजना मार्च २०२२ मध्ये संपली.

व्हेंचर फंडांच्या मागे फार वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन विकायला, बसवायला, पैसे सुटायला वेळ लागतो, आणि त्यांची घाई त्याच्याशी जुळत नाही. कोइंबतूरचे टेक्स्टाइल मशीन बनवणारे, कोल्हापूरचे फाउंड्रीवाले, स्वतः निटिंग करणारे सूतगिरणीवाले, अशी माणसं शोधा. त्यांना सुईची किंमत कळते आणि त्यांच्या मशीन शॉपचाही उपयोग होतो. त्यांच्यासमोर एका मशीनचा, १० मशीनांचा आणि १०० मशीनांचा असा तीन स्तंभांत खर्च मांडा. संचामागे ५०० रुपये वाढले तर ५२ संचांमुळे मशीन २६,००० रुपयांनी महागतं, हे त्यात दिसू द्या. खेळतं भांडवल वेगळं दाखवा: मशीन बनायला चार महिने आणि अॅडव्हान्स २० टक्के असेल, तर १० मशीनांच्या ऑर्डरमध्ये बाकीचा पैसा तुमचाच अडकतो. नव्या मशीनला जुन्या बाजारात भाव नसतो, त्यामुळे गिऱ्हाइकाची बँकही कचरते. पहिल्या १० मशीनांना परत घेण्याची हमी द्यायची असेल, तर तिचीही तरतूद इथेच करा.

व्यवहार सीसीपीएसने (पुढे साध्या शेअरमध्ये बदलावेच लागणारे प्रेफरन्स शेअर) करा किंवा परिवर्तनीय नोटने (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज). नोटला डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता लागते आणि एका गुंतवणूकदाराकडून किमान २५ लाख, तेही एकाच हप्त्यात. शेअरचे पैसे बँकेतून, वेगळ्या खात्यात घ्या, ६० दिवसांत वाटप करा आणि १५ दिवसांत पीएएस-३ (शेअर वाटपाचं विवरणपत्र) भरा. तो भरेपर्यंत या पैशाला हात लावता येत नाही. सुयांचा पुरवठादार थांबलेला असतो म्हणून लोक आधीच खर्च करतात आणि दंडाला सामोरे जातात.

शेअरचे पैसे टप्प्याने घेणार असाल तर टप्पा तारखेला न बांधता तासांना बांधा: पहिला हप्ता दोन मशीनं बसवायला, दुसरा ती १,००० तास ठरलेल्या कार्यक्षमतेने चालल्यावर. मशीन बनवणारी कंपनी पैसे घालत असेल तर ती 'कंपनी विकायची झाली तर दुसऱ्याने दिलेल्या भावात आधी आम्हाला' असं कलम मागेल. ते मान्य करू नका, कारण मग दुसरा कुणी भाव सांगायलाच येत नाही. त्याऐवजी 'विकायचं ठरलं की आधी तुम्हाला विचारू, ३० दिवसांत तुमचा भाव सांगा, नंतर आम्ही मोकळे' एवढंच लिहून द्या.