ऑनलाइन दुकानातली सगळी उत्पादनं एकाच पानावर कशी दाखवावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वूकॉमर्सवर (वर्डप्रेस साइटवर दुकान चालवायचं प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर) दुकान आहे, साधारण 180 उत्पादनं आहेत, शॉप पानावर एका वेळी 16च दिसतात आणि लोक तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत पोहोचतच नाहीत. मग सगळा माल एकदम मांडता येईल का, आणि मांडला तर साइट रडतखडत चालेल का?

मांडता येतो, आणि 180 म्हणजे काही फार नाही. दुसऱ्यांची ऑनलाइन दुकानं बांधून देणं हेच माझं काम आहे. माझा ठोकताळा असा की दोनशेच्या आसपासपर्यंत बिनधास्त एका पानावर घ्यावं, हजारांच्या घरात गेल्यावर तो नाद सोडावा. मधल्या पट्ट्यात चित्रं किती जड आहेत आणि होस्टिंग कसं आहे, यावर सगळं ठरतं.

16 हा आकडा येतो तो वूकॉमर्सच्या मूळ मांडणीतून: एका ओळीत 4, अशा 4 ओळी. थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) जुन्या पद्धतीची असेल तर ‘अपिअरन्स’ मधल्या ‘कस्टमाइझ’ मध्ये जा, तिथे वूकॉमर्सखाली ‘प्रॉडक्ट कॅटलॉग’ उघडा आणि ओळी 4 ऐवजी 45 करा. काही थीम ओळींवर स्वतःची कमाल मर्यादा घालतात. तिथे हा उपाय अडतो. मग नवीन पान बनवून त्यात वूकॉमर्सचा ‘प्रॉडक्ट्स’ हा शॉर्टकोड (पानात लिहायचा छोटा कोड, त्याच्या जागी उत्पादनांची यादी दिसते) टाकायचा. तो कुठल्याही थीममध्ये चालतो.

शॉर्टकोडमध्ये ‘लिमिट’ ला (किती उत्पादनं दाखवायची तो आकडा) -1 दिलं की ‘असतील तेवढी सगळी’ असा अर्थ होतो, आणि नेटवर जिथे तिथे हेच सांगितलेलं सापडेल. मी मात्र -1 देत नाही, 250 देतो. आज माल 180 आहे म्हणून -1 चालेल. उद्या कुणी एक्सेलमधून दोन हजार उत्पादनं आयात केली की तेच पान सर्व्हरची मेमरी खाऊन पांढरं पडेल, आणि कारण कुणाच्या लक्षात यायचं नाही. 250 दिलं तर फार तर काही उत्पादनं दिसणार नाहीत, पान तरी उघडेल.

आता वजनाचं. खरा भार चित्रांचा असतो. एक चित्र 80 केबीचं धरलं तर 180 चित्रांचे 14 एमबी झाले. मोबाइलवर कुणी तेवढा वेळ थांबत नाही. तेच चित्र 25 केबीवर आणलंत तर बेरीज साडेचार एमबीच्या आसपास येते. शिवाय वर्डप्रेस 5.5 पासून, म्हणजे 2020 पासून, चित्रांना लेझी लोडिंग आपोआप लागतं, त्यामुळे ग्राहक जसजसा खाली सरकेल तसतशी चित्रं उतरतात. पहिल्या ओळीला मात्र लेझी लोडिंग नको, नाहीतर पान उघडताच समोर रिकामे चौकोन दिसतात. शिवाय प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली असू द्या. ती नसली की चित्र उतरताक्षणी खालचा मजकूर उडी मारतो आणि माणूस भलत्याच वस्तूवर बोट ठेवतो.

हे तुमच्याकडे कसं आहे ते पाहायचं तर क्रोममध्ये एफ12 दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा, फक्त चित्रं निवडा आणि आकारानुसार क्रम लावा. सगळ्यात वर एखादं दोन-तीन एमबीचं चित्र बसलेलं दिसलं तर थीम छोट्या चौकटीत मूळ फोटोच आणून ओतते आहे असं समजा. वूकॉमर्स स्वतः छोटी प्रत बनवून ठेवतं. थीमला तीच वापरायला लावायची. बहुतेक वेळा ‘साइट मंद आहे’ या तक्रारीचं मूळ इथेच निघतं, एका पानावर किती वस्तू आहेत त्यात नाही.

इन्फिनिट स्क्रोलचं (खाली सरकत गेलं की पुढचा माल आपोआप येत राहतो, त्याचं) प्लगइन टाका असाही सल्ला मिळेल. मला ते दुकानासाठी पटत नाही. तळाशी परतीचे नियम नि संपर्क असतो, आणि माणूस तिथे पोहोचतोय तोच नवी रांग येऊन तळ पुढे पळतो. वस्तू उघडून मागे आलं की पुष्कळदा यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गूगलचा बॉट (पानं वाचून नोंदवणारा प्रोग्राम) आपल्यासारखा स्क्रोल करत बसत नाही, त्यामुळे पुढच्या पानांचे स्वतंत्र पत्ते ठेवले नसतील तर खालचा माल त्याला दिसेलच असं नाही. माल खरंच जास्त असेल तर ‘आणखी दाखवा’ हे साधं बटण बरं, तेही मागे स्वतंत्र पत्ते ठेवून.

पण तुमचं दुखणं निव्वळ पानांच्या संख्येचं आहे असं मला वाटत नाही. लोक तिसऱ्या पानावर जात नाहीत, तसे एकाच लांबलचक पानावर शंभराव्या वस्तूपर्यंतही सगळेजण जाणार नाहीत. म्हणून सरसकट 180 ची एक रांग लावू नका. एकाच पानावर प्रत्येक वर्गाचं शीर्षक द्या, त्याखाली त्या वर्गापुरता शॉर्टकोड (त्यात ‘कॅटेगरी’ देता येते) आणि पानाच्या माथ्यावर त्या त्या शीर्षकाशी नेणाऱ्या लिंक. माल सगळा एका पानावर राहतो, आणि हवं तिथे एका टिचकीत जाता येतं. क्रम हाताने लावायचा असेल तर उत्पादनांच्या यादीत ‘सॉर्टिंग’ म्हणून टॅब आहे, तिथे ओढून वरखाली करता येतं. संपलेला माल ‘इन्व्हेंटरी’ च्या सेटिंगमधून लपवा. उगाच जागा अडवतो.

घाऊक गिऱ्हाईक असेल तर गोष्ट वेगळी. त्याला फोटो बघायचे नसतात. नाव, किंमत, नग भरायची चौकट, एवढं असलेला तक्ता द्या. तसा तक्ता पाचशे ओळींचाही हलका असतो, आणि कंट्रोल-एफ मारून माणूस हवी ती वस्तू शोधतो.

वूकॉमर्सऐवजी शॉपिफाय या सेवेवर दुकान असणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथे ‘कलेक्शन्स/ऑल’ या पत्त्यावर सगळा माल आधीच असतो, फक्त पानांत विभागलेला. थीमच्या कोडमध्ये ‘पॅजिनेट’ चा (एका पानावर किती वस्तू, तो) आकडा 250 पर्यंत नेता येतो, त्याच्या वर नाही.

एक काम बहुतेक जण विसरतात. शॉप पानावरच ओळी वाढवल्यात तर ‘शॉप/पेज/2’ सारखे जुने पत्ते 404 (‘पान सापडलं नाही’) देऊ लागतील. गूगलमध्ये ते नोंदलेले असतील, कुणी बुकमार्क केले असतील. ते सगळे मुख्य शॉप पानाकडे 301 ने (पत्ता कायमचा बदलल्याची सूचना) वळवा, आणि कॅशे प्लगइन (पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारं) असेल तर बदलानंतर कॅशे रिकामी करून मगच मोबाइलवर तपासा.