तोंडी हिशेब जमतो, मग कागदावरचे अपूर्णांक का अडतात?

सहावीतल्या एका मुलीची आई तिच्या गणिताच्या वह्या घेऊन आली. अपूर्णांकांची बेरीज आली की मुलगी हमखास चुकते आणि शिकवणी लावूनही फरक पडलेला नाही, तेव्हा ही अध्ययन अक्षमता तर नसेल ना, अशी तिला धास्ती होती. अनेक पालकांना हीच शंका सतावते.

वही चाळताना सगळ्या चुका एकाच साच्याच्या दिसल्या. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मुलगी १/२ + ३/४ = ४/६ असे लिहीत होती. वही मिटून मी तिला विचारले, "दीड किलो कांदे आणि पाऊण किलो टोमॅटो घेतले, तर पिशवीत वजन किती?" ती लगेच म्हणाली, "सव्वादोन किलो."

कागदावरची रीत तिला कोणी शिकवली नव्हती, पण ती अगदीच निराधार नव्हती. एका चाचणीत १० पैकी ७ आणि दुसरीत १० पैकी ८ गुण मिळाले, की एकूण २० पैकी १५ धरतात, आणि तिथे वरच्यात वरचे व खालच्यात खालचे मिळवणेच बरोबर असते, कारण दुसऱ्या चाचणीबरोबर एकूण गुणही वाढतात. किलो मात्र तोच राहतो. त्याचे किती समान भाग केले, एवढेच छेद सांगतो. शिकवणीत बहुधा हा फरक कोणी बोलून दाखवत नाही, लसावि तेवढा घोटून घेतात.

मग मी तिला ४/६ किलोचे ग्रॅम करायला सांगितले. उत्तर सुमारे ६६७ आले. "पण नुसते पाऊण किलोच ७५० ग्रॅम असतात ना?" असे तिनेच विचारले आणि अर्धा किलो मिळवूनही वजन घटलेले पाहून ती हसू लागली. त्यानंतर अर्ध्याचे दोन पाव करून तिने २/४ + ३/४ = ५/४ लिहिले आणि दिडातला राहिलेला एक मिळवून ती २ १/४ वर पोहोचली.

तृतीयांशाला बाजारातला सराव पुरत नाही. म्हणून २ १/२ मीटर आणि १ २/३ मीटर कापडाची बेरीज करण्याआधी तिला समासात अंदाज लिहायला लावला: अडीच आणि दीडहून थोडे अधिक, म्हणजे चारच्या किंचित वर. ३/६ + ४/६ = ७/६ या मार्गाने येणारे ४ १/६ त्याच्याशी जुळते; जुन्या रीतीचे ३ ३/५ जुळत नाही, आणि चूक तिची तिलाच दिसते.

अक्षमतेची चाचणी मी सुचवली नाही. लहान संख्यांतली मोठी कोणती हे ओळखणे, सुटे पैसे मोजणे, घड्याळ पाहणे अशा साध्या गोष्टीही नीट शिकवूनसुद्धा दीर्घकाळ अडत असतील, तर मात्र मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर तपासणी करून घ्यावी, असे मी तिच्या आईला सांगितले. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे, त्यामुळे तपासणीत ती आढळली तर प्रमाणपत्र घेण्यात संकोच करू नये, हेही सांगितले.