पळसाचा रंग धुण्यात का उतरला?

प्रश्न : फाल्गुनात वेचून वाळवलेल्या पळसफुलांत सुती ओढणी रंगवली. रंगाच्या पाण्यात तुरटीही घातली होती. छटा सुरेख केशरी-पिवळी आली, पण पहिल्याच धुण्यात निम्मा रंग गेला. कुठे चुकलं?

उत्तर : तुरटी हवीच, पण सुतावर ती एकटी टिकत नाही. रेशीम आणि लोकर तुरटीला थेट धरून ठेवतात. सुताला मध्ये टॅनिन, म्हणजे झाडांच्या साली-फळांतला तुरट अंश, लागतं आणि आपल्याकडे ते हिरड्यातून मिळतं. शिवाय तुरटी रंगाच्याच भांड्यात पडली की बराचसा रंग तिथेच तिला चिकटतो, कापडापर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी हिरडा, मग तुरटी, शेवटी फुलं.

त्याही आधी खळ काढा. नवं कापड नुसतं साबणाने धुऊन भागत नाही. २०० ग्रॅम कोरड्या कापडाला (पुढची मापंही याच वजनाची) ६ लिटर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी कोऱ्या चहासारखं होईल. कापड धुऊन वाळलं की त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा, पडताक्षणी जिरला तरच पुढे जा. रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

हिरडा मोठा, पक्व घ्या. बी काढून केलेली ४० ग्रॅम पूड ४ लिटर कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवा, पिळा आणि न विसळता वाळवा. मग ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून ५ लिटर पाणी करा. त्यात कापड दोन तास अधूनमधून हलवत ठेवा आणि एकदाच हलकं विसळा.

वाळल्या फुलांच्या २०० ग्रॅम पाकळ्या पुरतात. मागची काळपट मखमली वाटी काढून टाकलेली बरी. रात्रभर भिजवून पाऊण तास मंद उकळा, गाळा. त्या पाण्यात कापड तासभर ठेवा, पण खळखळू देऊ नका, आणि भांड्यातच निवू द्या. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत हाच पिवळा शेवाळी होतो.

सावलीत वाळवून चार-पाच दिवसांनी रिठ्याने धुवा. डिटर्जंट पावडरीतल्या खारामुळे पळसाचा पिवळा तांबूस होतो.

एवढं केलं तरी पळस उन्हात विटतोच. ओढणीला तो शोभतो, पण खिडकीच्या पडद्याला वापरू नका. तिथे डाळिंबाची साल घ्या. तिच्यात टॅनिन मुळातच असल्याने तिचा पिवळा जास्त तग धरतो.

प्रश्न : हिरडा दिलेल्या कापडावर हिराकशीने (लोहाच्या क्षाराने) काळा रंग काढला. डाग पडले, आणि काही महिन्यांत कापड घडीवर फाटू लागलं.

उत्तर : हिराकस जास्त झाली. जादा लोह सुताचा धागा कुजवतं. २०० ग्रॅम कापडाला ४ ग्रॅम पुरे, तीही ६ लिटर पाण्यात आधी पूर्ण विरघळवलेली. कापड ओलं करूनच आत सोडा आणि दहा मिनिटं हात न थांबवता फिरवत राहा. घडी जिथे पाण्याखाली दबून राहते तिथेच डाग उठतो. बाहेर काढलं की लगेच भरपूर पाण्यात विसळा. एवढ्यात करडा रंग येतो. अधिक गडद हवा असेल तर हिराकस वाढवू नका. कापड पुन्हा हिरड्यात बुडवा आणि हीच कृती परत करा. या कामाची बादली वेगळी ठेवा, कारण तिच्यात राहिलेली चिमूटभर हिराकसही पुढचा पिवळा मळवते.