बाइकचा उजवा इंडिकेटर भरभर लुकलुकतो, रिले बदलू का?

तुमची तक्रार अशी की बाहेरून घेतलेले बल्बवाले इंडिकेटर बसवून दोन महिने झाले, डावी बाजू ठीक आहे, उजवी मात्र भरभर लुकलुकते आणि मागचा उजवा मंद पेटतो. मेकॅनिक रिले (इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी) बदला म्हणतोय. तुम्ही विचारताय, रिले बदलावा की सरळ एलईडीचा सेट घ्यावा, आणि घ्यायचा तर कोणता.

रिले बदलू नका. दोन्ही बाजूंना रिले एकच असतो. तो बिघडला असता तर डावीकडेही रड असती. एका बाजूचा दोष बघून जो रिलेवर बोट ठेवतो, त्याने सीट उघडूच नये. जरा टोचून बोलतोय, कारण नेमक्या याच गोष्टीवरून माझं आणि आमच्या दाजींचं चार वर्षांपूर्वी वाजलं आणि ते अजून मिटलेलं नाही.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. आयुष्यभर घरांचं वायरिंग केलेला माणूस, हात अतिशय साफ. मी बाइकवरून घसरलो, मागचे दोन्ही कंपनीचे इंडिकेटर तुटले. मी बाहेरचे आणले, छोटे, रबरी दांडीचे. दाजी म्हणाले, "मेकॅनिक कशाला? मी आहे ना." ताईच्या समोर नाही म्हणायची सोय नव्हती.

माझ्या गाडीच्या मूळ इंडिकेटरला वायर एकच होती. दांडी लोखंडी, तिच्यातूनच अर्थ (करंटची बॅटरीकडे परतायची वाट) मिळायचा. नव्याला रबरी दांडी, म्हणून वायरी दोन. दुसऱ्या वायरीचं काय करायचं? दाजींनी ती सोलली, पीळ दिला, बोल्टला गुंडाळली आणि वर वॉशर ठेवून आवळली. "गाडीचं अख्खं अंगच अर्थ आहे रे." खरं आहे. पण त्या अंगाला रंग दिलेला असतो.

तीन आठवड्यांत उजवी बाजू भरभर लुकलुकायला लागली. मागचा बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबडा. दाजींनी मीटर काढला. लाल टोक इंडिकेटरच्या वायरीला, काळं बॅटरीच्या मायनसला. दर लुकलुकीला काटा बाराच्या वर. "बघ, करंट पूर्ण येतोय. इंडिकेटरच भिकार आहे." मी दुसरा सेट आणला. आठ दिवस छान चालला, मग पुन्हा तेच. तिसरा आणला, पुन्हा तेच. मग नवीन रिले, तोही दाजींच्या सांगण्यावरून. त्याने काडीचा फरक पडला नाही. शेवटी जेवायला बसलेल्या सगळ्यांदेखत, "तू माल घेतोसच असला," हे ऐकून घ्यावं लागलं.

त्या वाक्याने मला झोप आली नाही, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी एकटाच बसलो. एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंडिकेटरच्या अर्थच्या वायरीला नुसतं टेकवलं. बल्ब भक्कन पेटला आणि रिलेची टिकटिक ताळ्यावर आली. वायर काढली की पुन्हा निखारा आणि पुन्हा घाई. पाच-सहा वेळा तेच केलं, गंमत म्हणून.

मग बोल्ट खोलला. वॉशरखालचा रंग जसाच्या तसा, चकचकीत. आवळताना वॉशरची कड जिथे घासली तिथे नखाएवढाही नाही असा एक ओरखडा, आणि तेवढ्या ओरखड्यातून माझ्या इंडिकेटरचा सगळा संसार चालला होता. तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, निम्म्या तुटलेल्या, काहींवर हिरवट बुरशीसारखा थर. प्रत्येक नवीन सेट आठ दिवस का चालायचा तेही तिथेच कळलं. बोल्ट पुन्हा आवळला की ओरखडा ताजा व्हायचा.

दाजींचा मीटर खोटं बोलत नव्हता, तो लावला चुकीच्या जागी होता. त्यांनी येणारी वाट मोजली, परतीची मोजलीच नाही. तुम्ही हे करा: इंडिकेटर चालू ठेवा, मीटरचं एक टोक इंडिकेटरच्या अर्थच्या वायरीला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. बल्ब पेटलेला असताना तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. माझ्याकडे आठ-नऊ दिसले. म्हणजे बल्बच्या वाट्याचा बहुतेक व्होल्टेज तो ओरखडाच खात होता. आणि बल्ब काढून नुसता पुरवठा मोजू नका. करंट वाहत नसेल तर कुजक्या जोडातूनही मीटरला पूर्ण बारा दिसतात. घरातली वायर भिंतीत निवांत पडून असते, बाइकची दिवसभर थरथरते आणि वर पाणी खाते. पीळ मारून टेप गुंडाळणं तिथे टिकत नाही. डोळ्याची टर्मिनल (बोल्ट आत जाईल अशी कडी असलेली) घ्या, नीट दाबून बसवा, खालचा रंग पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासा, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. त्याहून चांगलं म्हणजे गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) अर्थची वायर असतेच, तिलाच जोडा. होंडाला ती बहुधा हिरवी असते, यामाहाला काळी. तरी रंगावर विसंबू नका, मीटरने बघा.

भरभर का होतं तर, इलेक्ट्रॉनिक रिले किती करंट जातोय ते बघत असतो. 10 वॉटचा बल्ब साधारण 0.8 अँपिअर घेतो. एक बल्ब गेला किंवा उपाशी राहिला की रिलेला भार कमी दिसतो आणि तो घाई करून तुम्हाला सांगतो की बाबा, बघ जरा. नीट असताना मिनिटाला 90च्या आसपास लुकलुक हवी, 60 ते 120 चालतं. जुना तापणाऱ्या पट्टीचा रिले असेल तर भार कमी झाल्यावर तो उलट मंदावतो किंवा लुकलुकतच नाही. म्हणजे बिचारा रिले चुगली करत असतो आणि लोक त्यालाच फासावर देतात.

आता एलईडी. हौस असेल तर घ्या, पण हा दोष झाकायला घेऊ नका. एलईडी इतका कमी करंट घेतो की कुजका जोडही काही दिवस खपून जातो, आणि मग एके दिवशी वळताना मागच्याला काहीच दिसत नाही. शिवाय चारी एलईडी लावले की दोन्ही बाजू भरभर होणार. तिथे मात्र रिले बदलायचाच, भार न बघणारा, एलईडीसाठीचा. जुन्याला पिना दोन की तीन ते बघून घ्या. रेझिस्टर (मुद्दाम करंट खाणारा भाग) लावून रिलेला फसवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. 10 ओहमचा रेझिस्टर 14 व्होल्टवर वीसेक वॉट उष्णता टाकतो, तीही टेलच्या प्लास्टिकला चिकटून. आणि डॅशवर दोन्ही बाजूंना मिळून एकच खुणेचा दिवा असेल तर एक बाजू लावल्यावर चारी लुकलुकतील, कारण त्या दिव्यातून करंट पलीकडच्या बाजूला शिरतो. त्याला दोन डायोड (करंटला एकाच दिशेने जाऊ देणारे) लागतात, 1एन4007 चालतात. कोणता सेट घ्यावा हे मी सांगणार नाही. बल्बवाला घेतलात तर बल्ब बदलता येतो का आणि काचेला रबराची कड आहे का, एवढं बघा.

हो, एक राहिलं. मोजमाप करण्याआधी मागचे दोन इंडिकेटर एकमेकांच्या जागी जोडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मंदपणा दिव्याबरोबर डावीकडे गेला तर दिवाच खराब, आणि मग मी वर लिहिलेलं सगळं तुमच्या कामाचं नाही. होल्डरमधला गंजही बघा. नवीन गाड्यांत काही ठिकाणी वेगळा रिलेच नसतो, ते काम गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर करतो. तिथे वायर कापाकापी करू नका, वॉरंटी जाऊ शकते. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या तीन सेटपैकी दुसऱ्यात खरंच पाणी शिरलं होतं, काचेच्या आत थेंब दिसत होते. तेवढ्यापुरते दाजी बरोबर होते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

नवीन रिले काढून मी जुनाच परत बसवला. चार वर्षं झाली, मिनिटाला 85 टिकटिकतोय, मोजून. दाजी अजूनही कुणालाही सांगतात की त्या गाडीचा रिलेच गेला होता, मी बदलून दिला. ताईला खरं माहीत आहे. ती म्हणते, राहू दे.