लहान मुलासाठी संगणक लावताना

सगळ्यात आधी मुलाचं वेगळं खातं उघडा, आणि ते साधं ठेवा. ॲडमिनचे, म्हणजे संगणकात मोठे बदल करायचे, अधिकार फक्त तुमच्या खात्यात, पासवर्डही तुमच्याकडेच. मग त्याने कुठेही क्लिक केलं तरी बहुतेक प्रोग्रॅम परस्पर इन्स्टॉल होणार नाहीत आणि तुमच्या फायलीही सुरक्षित राहतील.

डेस्कटॉपवर दोन-तीनच आयकॉन ठेवा, मोठे. मी सुरुवात नेहमी टक्स पेंटने करायला सांगतो. हा चित्रं काढायचा मोफत प्रोग्रॅम ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. चित्र जतन करताना फाईलला नाव द्यावं लागत नाही, त्यामुळे अक्षरओळख नसलेलं मूलही आपलं काम स्वतः जपून ठेवतं. हा आनंद फार मोठा असतो, तो हिरावून घेऊ नका! जोडीला जीकॉम्प्री घ्या: २ ते १० वयोगटासाठी, तोही मोफत. त्यात माऊस हाताळण्यापासून आकड्यांपर्यंत कितीतरी खेळ आहेत.

माऊस मात्र छोटाच हवा, मोठा त्या हातात मावत नाही.

इंटरनेटची घाई कशाला? हे दोन्ही प्रोग्रॅम त्याच्याशिवाय चालतात. पुढे जोडलंच, तर राउटरमध्ये १.१.१.३ हा डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा क्रमांक) टाका, प्रौढांच्या बऱ्याच साइट तिथेच अडतात. सगळ्या नाही, म्हणून संगणक बैठकीच्या खोलीतच ठेवा.