‘हूसगाउ’: न्यायालयाचा तुरुंग कसा झाला

जुन्या वेस्टर्न चित्रपटात शेरीफ एका दारुड्याला ‘हूसगाउ’मध्ये टाकण्याची धमकी देतो, हा शब्द ‘हाउस’वरून आला असावा का, असे आपण विचारले आहे. तुरुंग किंवा कोठडी हा अर्थ आपण बरोबर ओळखला आहे, मात्र ‘हाउस’शी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मूळ शब्द स्पॅनिश ‘हुस्गादो’, म्हणजे न्यायालय. ‘हुस्गार’, अर्थात न्याय करणे, या क्रियापदापासून तो झाला असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘युदिकारे’ आहे. ह्याच कुळातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘जज’ आला, तेव्हा न्यायाधीश आणि कोठडी ही येथे चुलत भावंडे ठरतात. दोन स्वरांमधला ‘द’ स्पॅनिशमध्ये मुळातच मृदू असतो आणि मेक्सिकोच्या बोलीत तो पुष्कळदा गळून ‘हुसगाओ’ एवढेच उरते. अमेरिकन गुराख्यांनी हे कानांनी ऐकले आणि इंग्रजीच्या वळणाने लिहिले, त्यामुळे शेवट ‘काउ’शी यमक जुळवणारा झाला व स्पॅनिश मूळ स्पेलिंगमधून पार पुसले गेले. गुराखी या अर्थाच्या स्पॅनिश ‘वाकेरो’चा इंग्रजीत ‘बकरू’ झाला, तोही असाच.

कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हा सारा मुलूख अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहापर्यंत मेक्सिकोचा होता. सत्ता बदलली तरी गुरे राखण्याची विद्या आणि तिचे शब्द तेथेच राहिले. इंग्रजी छापील मजकुरात ‘हूसगाउ’ मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो, आणि १९२९ मध्ये लॉरेल-हार्डी या विनोदी जोडीच्या एका लघुपटाचे नावच ‘द हूसगाउ’ होते.

न्यायालयाचा तुरुंग होण्यात नवल नाही, कारण पकडलेल्या माणसाच्या दृष्टीने पुढे न्याय होणे आणि मागे दार लागणे हा एकच प्रसंग असतो. आपला ‘तुरुंग’ निराळ्या वाटेने आला. तो पोर्तुगीज ‘ट्रोंको’पासून आल्याचे मानले जाते, त्याचा अर्थ झाडाचे खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकूड. मराठीतही ‘खोड’ आणि ‘खोडा’ शेजारी शेजारीच बसतात, हे मला फार गमतीचे वाटते.

भाषांतर करणार असाल तर एक पथ्य पाळावे. ‘हूसगाउ’ हा थट्टेचा आणि आज काहीसा जुनाट वाटणारा शब्द आहे, त्यामुळे ‘कारागृह’ लिहिल्यास शेरीफचा सगळा रुबाब मराठीत परिपत्रकासारखा होईल. एखादा दारुड्या रात्रभरासाठी आत गेला असेल, तर ‘बिनभाड्याच्या खोलीत मुक्काम’ हे मला सर्वांत जवळचे वाटते.