घर उबदार ठेवायला लाकडाची शेगडी घ्यायची आहे. बिडाची घ्यावी की पोलादी?

रात्रभर ऊब हवी असेल तर बिडाची. तापायला वेळ लावते, पण विस्तव विझल्यावरही बराच वेळ उष्णता देत राहते. पोलादी लवकर तापते, लवकर निवते. संध्याकाळपुरती पेटवणार असाल तर तीच बरी.

टिकाऊपणात मात्र माझं मत पोलादीला. बिडाचे भाग सिमेंटने सांधलेले असतात. वर्षांनुवर्षांच्या तापण्या-निवण्याने सांधे सुटतात, नको तिथून हवा शिरते आणि आग आवरत नाही. वेल्डिंगच्या शेगडीत ही कटकट कमी. कॅटॅलिटिक प्रकारात धूर जाळायला मदत करणारा लेप दिलेली जाळी असते; त्यामुळे मंद आगीतही धूर जळतो, पण ती जाळी काही वर्षांनी बदलावी लागते.

आणि लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर महागातली शेगडीही नुसता धूर करेल, धुराड्यात काजळी साचेल ती वेगळीच.